किशोरवयीन मद्यपान : प्रतिबंधाचे शास्त्र आणि धोरण

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार १० ते १९ वर्षे हा किशोरावस्थेचा काळ होय. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात या वयोगटातील सुमारे २५ कोटी व्यक्ती होत्या. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. देशाच्या उद्याच्या मनुष्यबळाची गुणवत्ता याच वयातील आरोग्य, शिक्षण आणि सवयींवर ठरते. म्हणूनच किशोरांमधील मद्यपान हा केवळ नीतिमत्तेचा किंवा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न राहत नाही. तो विकासाचाही प्रश्न ठरतो. शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी ३.५ क्रमांकाच्या लक्ष्यात अमली पदार्थांचा गैरवापर व मद्याचा अपायकारक वापर यांचा प्रतिबंध आणि उपचार बळकट करण्याची अपेक्षा व्यक्त झाली आहे. किशोरांपुरता विचार केल्यास या प्रतिबंधाचा गाभा एकच आहे : मद्याशी होणारी पहिली ओळख शक्य तितकी लांबणीवर टाकणे.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्रीय सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्रालयाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्रामार्फत देशव्यापी सर्वेक्षण करून घेतले. त्याचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी व्यक्ती मद्यपान करीत होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांमध्ये १.६ टक्के होते. सुमारे २.९ कोटी व्यक्ती मद्यावर पूर्णपणे अवलंबून असल्याचे आढळले. मात्र अशा ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीलाच कोणत्याही स्वरूपाचा उपचार मिळाला होता.

याच सर्वेक्षणात १० ते १७ वर्षे वयोगटातील मद्यपानाचे प्रमाण १.३ टक्के, तर प्रौढांमध्ये ते १७.१ टक्के आढळले. बालकांविषयीचा आकडा वाचताना सावधगिरी हवी. घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत मुले आपली सवय मोकळेपणाने सांगतीलच असे नाही आणि रस्त्यावर राहणारी मुले अशा पाहणीच्या कक्षेबाहेर राहण्याचा संभव असतो. तरीही या दोन आकड्यांमधील अंतर धोरणाच्या दृष्टीने बोलके आहे. बहुसंख्य मुले शालेय वयात मद्यापासून दूर असतात. त्यांच्यापैकी अनेकांची मद्याशी गाठ पडते ती शाळा संपून महाविद्यालय, रोजगार वा स्थलांतर सुरू होण्याच्या संधिकाळात. प्रतिबंधाची खरी संधी त्यापूर्वीच्या वर्षांत असते.

कोवळा मेंदू आणि मद्य

किशोरवयात मेंदूचे सर्व भाग एकाच गतीने परिपक्व होत नाहीत. सुख, उत्तेजना आणि बक्षिसाची ओढ यांच्याशी संबंधित यंत्रणा लवकर सक्रिय होते. परिणामांचा विचार करणारा आणि आवेगांना आवर घालणारा मेंदूचा पुढील भाग मात्र वयाच्या साधारण पंचविशीपर्यंत विकसित होत राहतो. त्यामुळे धोका पत्करण्याची वृत्ती आणि मित्रांच्या मान्यतेची ओढ या वयात प्रबळ असते. प्राण्यांवरील प्रयोगांत आणखी एक बाब दिसून आली आहे. मद्यामुळे येणारी सुस्ती व तोल जाणे ही लक्षणे कोवळ्या वयात तुलनेने कमी जाणवतात. स्मरण व शिकण्याच्या क्षमतेवर होणारा परिणाम मात्र अधिक असतो. थांबण्याचा इशारा उशिरा मिळतो आणि हानी आधीच सुरू झालेली असते, असा याचा अर्थ.

किशोर प्रौढांइतक्या वारंवार मद्य घेत नसले, तरी एकाच बैठकीत जास्त मद्य घेण्याची प्रवृत्ती त्यांच्यात आढळते. वाहन अपघात, हाणामारी, बुडून मृत्यू, असुरक्षित लैंगिक संबंध आणि आत्मघाताचा विचार यांचा धोका त्यामुळे वाढतो. यकृताचे विकार किंवा कर्करोग हे परिणाम पुढे दिसतात. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याचा समावेश निश्चित कर्करोगकारक पदार्थांत केला होता.

अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीवर आधारित आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, वयाच्या पंधराव्या वर्षापूर्वी मद्यपान सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के व्यक्ती आयुष्यात केव्हातरी मद्यावर अवलंबून झाल्या. विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर झालेली सुरुवात हे व्यसनाचे एकमेव कारण नव्हे. घरातील कलह, उपेक्षा वा मानसिक ताण यांचेही ते लक्षण असू शकते. परंतु दोन्ही अर्थांनी निष्कर्ष एकच निघतो. ज्या मुलाने लवकर मद्य घेतले, त्याच्याकडे लवकर लक्ष पुरवले पाहिजे.

सुरुवात का होते?

कुतूहल, मित्रांचा आग्रह, मोठे झाल्याचे दाखवण्याची इच्छा, परीक्षेतील अपयश, एकटेपणा, चित्रपट व जाहिरातींतून उभी राहणारी आकर्षक प्रतिमा अशी अनेक कारणे सांगता येतात. घरातील वडीलधाऱ्यांचे मद्यपान हे त्यांतील महत्त्वाचे कारण होय. थोडेसे मद्य घरीच, देखरेखीखाली दिल्यास मूल बाहेर अतिरेक करणार नाही, असा समज काही कुटुंबांत आढळतो. ऑस्ट्रेलियात किशोरांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या समजाला आधार मिळाला नाही. उलट, पालकांनी मद्य दिलेल्या मुलांमध्ये पुढे बाहेरून मद्य मिळवण्याची व एकाच वेळी जास्त पिण्याची शक्यता अधिक दिसली.

काही समाजांत मद्याला सांस्कृतिक स्थान आहे. अरुणाचल प्रदेशातील अपांग, झारखंडमधील हंडिया आणि मध्य भारतातील मोहाची दारू ही त्याची उदाहरणे होत. अशा ठिकाणी परंपरेची हेटाळणी करणारा प्रचार निष्फळ ठरतो. विधीतील मद्य आणि मुलांच्या हातातील मद्य यांतील सीमारेषा त्या समाजाने स्वतः आखणे अधिक उपयुक्त असते.

घटनात्मक व कायदेशीर चौकट

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार आरोग्यास अपायकारक मादक पेये व अमली पदार्थ यांच्या सेवनास, औषधी प्रयोजन वगळता, बंदी घालण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने न्यायालयामार्फत त्याची थेट अंमलबजावणी करून घेता येत नाही. मादक मद्य हा विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ८ व्या नोंदीत, तर त्यावरील उत्पादन शुल्क ५१ व्या नोंदीत आहे. मानवी सेवनासाठीचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. अनेक राज्यांच्या महसुलात या शुल्काचा वाटा मोठा असल्याने आरोग्य व महसूल यांच्यातील ओढाताण धोरणात सतत जाणवते.

विषय राज्यांचा असल्यामुळे मद्यसेवनाची किमान वयोमर्यादा देशभर एकसारखी नाही. गोव्यात ती १८ वर्षे आणि केरळमध्ये २३ वर्षे आहे. दिल्लीच्या २००९ च्या उत्पादन शुल्क अधिनियमात २५ वर्षांची अट आहे. महाराष्ट्रात सौम्य मद्यासाठी २१ व इतर मद्यासाठी २५ वर्षे अशी विभागणी आहे. बालकांच्या संरक्षणासाठी मात्र केंद्रीय कायदा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार वैद्यकीय सल्ल्याखेरीज १८ वर्षांखालील बालकास मद्य, अमली पदार्थ वा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बालकाचा वापर अशा पदार्थांच्या विक्रीसाठी वा वाहतुकीसाठी करणे हा कलम ७८ खाली गुन्हा आहे. येथे शिक्षेचा रोख मद्य देणाऱ्यावर आहे. बालकाकडे संरक्षणाची गरज असलेली व्यक्ती म्हणून पाहिले आहे.

केबल दूरचित्रवाणी नियम, १९९४ मद्याच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष जाहिरातींना मनाई करतात. सोडा वा संगीताच्या नावाखाली होणाऱ्या छुप्या जाहिरातींना २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनीही प्रतिबंध केला. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या विक्री व सेवनावर बंदी वा नियंत्रण घालण्याचे अधिकार ग्रामसभा व पंचायतींच्या स्तरावर अभिप्रेत धरले आहेत.

प्रमुख शासकीय कार्यक्रम

• राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम (जानेवारी २०१४) : पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, असंसर्गजन्य आजार, मानसिक आरोग्य, हिंसा व इजा यांच्यासोबत मादक पदार्थांचा गैरवापर हा त्याच्या सहा विषयांपैकी एक आहे. किशोरस्नेही आरोग्य केंद्रे व समवयस्क शिक्षक ही त्याची साधने होत.

• शालेय आरोग्य व निरामयता कार्यक्रम (२०२०) : आयुष्मान भारतच्या अंतर्गत प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

• नशामुक्त भारत अभियान (१५ ऑगस्ट २०२०) : सुरुवातीस २७२ जिल्ह्यांत आणि नंतर सर्व जिल्ह्यांत विस्तार.

• दूरध्वनी साहाय्य : व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक.

प्रतिबंधाचे परिणामकारक मार्ग

शाळेत वर्षातून एकदा व्याख्यान देणे, भीतीदायक चित्रे दाखवणे किंवा पूर्वी व्यसनी असलेल्या व्यक्तीचे अनुभवकथन ठेवणे हे उपाय लोकप्रिय आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाच्या प्रतिबंधविषयक आंतरराष्ट्रीय मानकांनुसार मात्र असे उपाय परिणामशून्य किंवा प्रसंगी अपायकारक ठरतात. नकार देणे, भावना हाताळणे, निर्णय घेणे अशा जीवनकौशल्यांचा सहभागात्मक सराव अनेक सत्रांतून करून घेणे अधिक उपयुक्त असते. सगळेच पितात हा मुलांचा समज खऱ्या आकड्यांच्या साहाय्याने दूर करणे हाही त्याचा भाग आहे.

हे काम कोण करते, यालाही महत्त्व आहे. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात शाळेचे वातावरण सुधारण्यासाठी राबवलेल्या ‘सेहर’ प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा मुख्य विषय मद्यपान नव्हता. परंतु प्रशिक्षित पूर्णवेळ समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे व दांडगाई कमी झाली. हेच काम शिक्षकांकडे सोपवलेल्या शाळांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. आधीच कामाने दबलेल्या शिक्षकांवर आणखी एक जबाबदारी टाकताना हा धडा विसरता येणार नाही.

व्यापक बदलाचे उदाहरण आइसलँडचे आहे. तेथे १५ ते १६ वर्षे वयाच्या मुलांपैकी मागील महिन्यात मद्यधुंद झालेल्यांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते. २०१६ मध्ये ते ५ टक्क्यांवर आले. वयोमर्यादेची अंमलबजावणी, रात्री उशिरा बाहेर राहण्यावर निर्बंध, पालकांचे परस्पर करार, खेळ व कलावर्गांसाठी अनुदान आणि नियमित पाहणी अशा उपायांची जोड त्यामागे होती. छोट्या व संपन्न देशाचा हा नमुना भारतात जसाच्या तसा आणता येणार नाही. तथापि, मैदान, ग्रंथालय, व्यायामशाळा आणि सायंकाळचा मोकळा वेळ यांचे नियोजन हेही प्रतिबंधाचे साधन आहे, हे तत्त्व ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सर्वांना लागू पडते.

सामूहिक कृतीचे भारतीय उदाहरण आंध्र प्रदेशातील आहे. नेल्लोर जिल्ह्यातील दुबागुंटा गावात साक्षरता वर्गांतून जागृत झालेल्या स्त्रियांनी १९९२ मध्ये अरक दारूच्या विक्रीविरुद्ध आवाज उठवला. १९९३ मध्ये राज्यात अरकवर आणि १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. १९९७ मध्ये ती शिथिल झाली. बंदीचा आदेश मागे घेतला जाऊ शकतो. म्हणून पुरवठ्यावरील नियंत्रणास मागणी घटवणाऱ्या शिक्षणाची कायम जोड हवी, हा त्याचा बोध.

समारोप

प्रतिबंध यशस्वी होण्यासाठी घर, शाळा, वस्ती आणि शासन या चारही वर्तुळांत सुसंगती आवश्यक आहे. वय न विचारता विकणारे दुकान, मुलासमोर पिणारे कुटुंब आणि केवळ भाषण देणारी शाळा यांच्यामध्ये सापडलेल्या किशोराकडून संयमाची अपेक्षा करणे न्याय्य नाही. ज्याने मद्य घेतले आहे त्याला शाळेतून काढून टाकल्यास त्याला सावरणारी उरलीसुरली संस्थाही तुटते. गोपनीयता राखून समुपदेशन, गरज असल्यास उपचार आणि शिक्षणात सातत्य हाच अधिक हितावह मार्ग होय. मद्याविना गेलेले किशोरवयातील प्रत्येक वर्ष विकसनशील मेंदूला परिपक्व होण्यास अवधी देते. सार्वजनिक धोरणाचे यश याच वर्षांत मोजले जावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. अनुच्छेद ४७ मधील निर्देश आणि राज्यांची महसुली गरज यांच्यातील विसंगतीची चर्चा करा.

२. मद्यपान प्रतिबंधात पुरवठा नियंत्रण व मागणी घट यांचे परस्परसंबंध उदाहरणांसह स्पष्ट करा.

३. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील कलम ७७ व ७८ यांमागील भूमिका विशद करा.