वायरलेस यंत्र बनवताय? आधी बँड तपासा

प्रश्न : आम्ही दोघे मित्र द्राक्षबागांसाठी जमिनीतला ओलावा मोजणारी यंत्रे बनवतो. प्रत्येक यंत्रात लोरा (कमी शक्तीत दूरवर डेटा पाठवणारे तंत्र) रेडिओ मॉड्यूल असते आणि ते बागेच्या टोकाला असलेल्या गेटवेकडे रीडिंग पाठवते. नमुन्यादाखल चीनमधून मागवलेली ९१५ मेगाहर्ट्झची मॉड्यूल उत्तम चालली. आता मोठी ऑर्डर द्यायची आहे, तर कस्टम हाउस एजंट म्हणतो, ‘डब्ल्यूपीसीचे ईटीए आणा.’ एक सल्लागार ‘दिल्लीतून करून देतो’ म्हणत दीड लाख मागतो आहे. हे प्रमाणपत्र खरेच लागते का? पैसे द्यावेत का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : प्रमाणपत्र लागतेच. मात्र सल्लागाराला आणि चीनमधल्या विक्रेत्याला, दोघांनाही आज एक रुपयाही देऊ नका. तुमची खरी अडचण मॉड्यूलमध्येच आहे, कागदपत्रांचा विषय त्यानंतरचा.

कोणता फ्रिक्वेन्सी बँड कशासाठी वापरायचा, हे प्रत्येक देश आपापले ठरवतो. ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ हा बँड अमेरिकेत विनापरवाना वापरता येतो आणि तुमची मॉड्यूल तिथल्या बाजारासाठी बनलेली आहेत. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा भाग मोबाइल सेवेचा आहे. फोनकडून टॉवरकडे जाणारा सिग्नल याच लहरींवरून जातो. अमेरिकी आखणीतली लोरा यंत्रे नेमकी ९०२ ते ९१५ च्या दरम्यान प्रक्षेपण करतात. म्हणजे टॉवरचा रिसीव्हर गावातल्या फोनचे क्षीण सिग्नल टिपत असताना तुमचे यंत्र त्याच जागी बोलत असते. बागेत रीडिंग नीट आले म्हणून ते कायद्यात बसत नाही. या बँडसाठी तुमच्या यंत्राला ईटीए मिळणार नाही, मग सल्लागार कितीही ओळखीचा असो.

मार्ग मात्र सरळ आहे. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा बँड २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढवला. त्यात ट्रान्समीटरची शक्ती जास्तीत जास्त १ वॅट, अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॅट आणि कॅरिअरची रुंदी २०० किलोहर्ट्झ, एवढी मर्यादा आहे. बागेतल्या सेन्सरला याहून कितीतरी कमी शक्ती पुरते. लोराच्या भारतीय आखणीला ‘आयएन८६५’ म्हणतात. तिचे मूळ तीन चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झवर आहेत. विक्रेत्याकडून ‘८६८’ म्हणून विकले जाणारे मॉड्यूल मागा आणि ते आयएन८६५ वर चालते, असे लेखी घ्या. ९१५ च्या मॉड्यूलमध्ये फक्त सॉफ्टवेअर बदलून भागवू नका. अँटेना आणि तिच्यामागचे सर्किट जुन्या बँडसाठी जुळवलेले असते. रेंज घटते आणि हाती असलेला चाचणी अहवालही निरुपयोगी ठरतो. गेटवेही त्याच बँडचा हवा.

आता ईटीए, म्हणजे इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल. ते दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. परवानामुक्त बँडमधल्या उपकरणांसाठी २०१९ पासून स्व-घोषणेची सोय आहे. ‘सरल संचार’ पोर्टलवर नोंदणी करायची, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा आरएफ चाचणी अहवाल जोडायचा आणि प्रत्येक मॉडेलमागे १०,००० रुपये सरकारी शुल्क भरायचे. परदेशी प्रयोगशाळेचा अहवालही चालतो, पण तिला आंतरराष्ट्रीय मान्यता हवी. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न दराचा विचारू नका. या मॉडेलचा अहवाल आहे का आणि भारतातले ईटीए आधीच घेतलेले आहे का, ते विचारा. अहवालातला मॉडेल क्रमांक, बँड आणि शक्ती खोक्यावरच्या लेबलशी अक्षरशः जुळली पाहिजे. एका अक्षराच्या फरकावरूनही माल कस्टममध्ये अडकतो.

स्व-घोषणा म्हणजे जबाबदारी तुमची. सल्लागाराने दुसऱ्याच मॉडेलचा अहवाल जोडला, तरी सही तुमच्या कंपनीची असते. मदत जरूर घ्या, पण सरकारी शुल्क, प्रयोगशाळेचा खर्च आणि त्याची फी वेगवेगळी लिहून मागा. पोर्टलचा पासवर्ड स्वतःकडेच ठेवा.

आणखी दोन गोष्टी. यंत्रातली लिथियम बॅटरी आणि सोबत दिलेला अ‍ॅडॉप्टर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) सक्तीच्या नोंदणीत येतात, तेव्हा नोंदणी क्रमांक असलेलेच घ्या. आणि तुमचा गेटवे टीईसीच्या (दूरसंचार अभियांत्रिकी केंद्र) सक्तीच्या चाचणी यादीत बसतो का, ते आत्ताच तपासा, कारण त्या यादीत आयओटी गेटवेचा समावेश आहे. तयार, प्रमाणित गेटवे विकत घेणे लहान उद्योगाला बहुधा स्वस्त पडते.

बागाईतदार ऑक्टोबर छाटणीनंतर तुमच्या आकड्यांवर पाणी ठरवणार आहे. ऐन हंगामात यंत्रे बंद करावी लागली, तर नुकसान त्याचेही आहे. म्हणून पाच-दहा मॉड्यूल ८६५ ची आणून बागेत तपासा, मग अहवाल, मग ईटीए, आणि सर्वांत शेवटी मोठी ऑर्डर.

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाने मिरवणुकीसाठी ऑनलाइन सहा वॉकीटॉकी घेतले. खोक्यावर ‘४००-४७० मेगाहर्ट्झ’ लिहिले आहे. कार्यकर्ते म्हणतात, सगळेच वापरतात. काही अडचण येईल का?
— मंडळाचा खजिनदार, पुणे

उत्तर : येऊ शकते, आणि ती मंडळाच्या पदाधिकाऱ्यांवर येईल. २०१८ च्या नियमांनुसार विनापरवाना वॉकीटॉकीसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढाच अरुंद बँड आणि कमी शक्तीचे संच मोकळे आहेत; त्यांनाही ईटीए हवेच. ४०० ते ४७० पर्यंत कुठेही लावता येणारा संच या सवलतीत बसत नाही. त्याला परवाना लागतो. रेडिओ उपकरण नुसते बाळगण्यासाठीही परवाना किंवा सवलत हवी, हे तत्त्व १९३३ च्या कायद्यात होते आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही आहे. मिरवणुकीच्या गर्दीत पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका वायरलेसवर अवलंबून असतात. त्यांच्या संदेशात आपला आवाज घुसला, तर कुणाच्या तरी जिवाशी खेळ होईल.

संच वापरू नका. विक्रेत्याकडे ईटीएची प्रत लेखी मागा; मिळाली नाही, तर माल परत करून पैसे मागा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन वॉकीटॉकी विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यांचा हवाला द्या. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. बिल, खोक्याचा फोटो आणि त्या वेळच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.