अणू ‘दिसला’ तो कसा?

प्रकाशाच्या साहाय्याने पाहण्याला मर्यादा आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन बिंदू वेगळे दाखविता येत नाहीत. अणू तर एका नॅनोमीटरहूनही लहान!

१९८१ मध्ये झुरिकजवळील आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग व हाइनरिश रोरर यांनी निराळा मार्ग शोधला. त्यांच्या यंत्रात भिंग नव्हते. होती धातूची अतिशय टोकदार सुई. ती पृष्ठभागाच्या अगदी निकट आणून अल्प विद्युतदाब दिला, की मधली पोकळी ओलांडून इलेक्ट्रॉन वाहू लागतात. अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढले तरी हा प्रवाह सुमारे दहापटीने घटतो. प्रवाह स्थिर राखण्यासाठी सुई जितकी वरखाली होते, त्या नोंदींवरून संगणक पृष्ठभागाचे चित्र रेखाटतो. १९८६ च्या नोबेल पुरस्कारात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे जनक अर्न्स्ट रुस्का यांच्यासमवेत हे दोघे सहभागी होते.

म्हणजेच अशा यंत्राने काढलेले अणूंचे रंगीत चित्र हे छायाचित्र नव्हे, तो मोजमापांचा नकाशा आहे. रंग मागाहून भरलेले असतात. इतिहासाच्या वर्गात मी जो प्रश्न विचारतो, तोच येथेही लागू पडतो : हे कोणी, कशाच्या आधारे सांगितले? आपल्या मुलांना उत्तरांआधी हा प्रश्न विचारण्याची सवय लागावी.