जुना गृहोपदेश आणि आजचे घर

पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक 1882 साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांनी पुण्यास आर्य महिला समाज स्थापिला, आणि त्याच्या शाखा ज्या गावी निघाल्या त्यांत आपले सोलापूर, तसेच पंढरपूर व बार्शी ही गावेही होती. बाईंचे वय तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे; वैधव्य नुकतेच आलेले आणि पदरी तान्ही मुलगी. त्या पुस्तकाच्या विक्रीचे उत्पन्न पुढील वर्षी त्यांच्या विलायतेच्या प्रवासास उपयोगी पडले. विद्या, विनय व विवाह यांच्याबरोबर गृहकृत्ये आणि अपत्यसंगोपन यांचाही विचार त्यात केलेला आहे. पुढे 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' निघाले. 1930 पासून किर्लोस्करांचे 'स्त्री' मासिक घरोघर जाऊ लागले. छापील उपदेशाची परंपरा ही अशी आहे. न छापलेला उपदेश त्याहून कितीतरी मोठा. तो आजीच्या तोंडून नातवंडांना मिळत आला आहे.

या सर्व उपदेशाचे आज काय करावयाचे? कोणी तो जुना म्हणून पूज्य मानतात, कोणी जुना म्हणूनच हसण्यावारी नेतात. दोघेही एक गोष्ट विसरतात. प्रत्येक नियमाच्या पोटात काही कारण असते, आणि नियम मेला तरी ते कारण जिवंत राहू शकते. ते शोधून पाहिल्यावाचून नियम पाळणे किंवा टाकणे हे दोन्ही सारखेच आंधळेपणाचे होय.

पेवाचे उदाहरण घ्या. आपल्या भागात पूर्वी ज्वारी जमिनीतील पेवात साठवीत. पेव उघडले की लगेच आत उतरू नये, काही काळ तोंड मोकळे ठेवावे, मग दोरीने जळता दिवा खाली सोडावा, आणि तो विझला तर कोणीही खाली पाऊल टाकू नये, असा वडीलधाऱ्यांचा कडक नियम असे. काही लोक याचा अर्थ 'पेवातल्या भुताला उजेड दाखवणे' असा करीत. खरे कारण असे की, साठवलेले धान्यही श्वासोच्छ्वास करीत असते. कोंडलेल्या जागेतील प्राणवायू त्यात खर्ची पडतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साठतो. तेथे दिवा जळत नाही व माणूसही जगत नाही. घाईने उतरलेला एक जण आणि त्याला वाचविण्यास धावलेला दुसरा, असे दोघेही दगावत.

आज पेवे जवळजवळ नाहीशी झाली. पण कोंडलेली जागा नाहीशी झाली आहे काय? जुनी विहीर, मैल्याची टाकी, गटाराचा चेंबर यांत उतरून माणसे मेल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. मात्र येथेच सावध राहिले पाहिजे. जुने कारण पटले म्हणून जुना उपाय सर्वत्र चालेल असे नाही. मैल्याच्या टाकीत पेट घेणारा वायू असू शकतो. तेथे जळता दिवा सोडणे म्हणजे स्फोटास आमंत्रण. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू असता जो कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने दिवाही विझत नाही. तेथे खिडकी उघडी ठेवणे, किंवा गीझरच न्हाणीघराबाहेर बसविणे, हाच मार्ग. आजोबांच्या दिव्याने तेथे रक्षण होणार नाही. 'कोंडलेल्या हवेवर विश्वास ठेवू नये' या त्यांच्या बुद्धीने होईल.

आता पाण्याकडे वळू. सोलापूरकरांना पाण्याची किंमत निराळी सांगावयास नको. एकरुखचा तलाव झाला, पुढे उजनीचे पाणी आले, तरी कित्येक वर्षे नळ दिवसाआड, कधी तीनचार दिवसांनीही येत राहिले. म्हणून घरोघर पिंपे भरून ठेवण्याची रीत पडली. जुन्या घरात पाण्याचे हंडे रोज रिते करून चिंच व राख यांनी घासण्याचा दंडक होता, व शिळे पाणी पिऊ नये असे सांगत. तांब्याच्या भांड्यात रात्रभर राहिलेल्या पाण्यातील पुष्कळ रोगजंतू मरतात, असे प्रयोगांत आढळले आहे. त्याच भांड्यात ताक मात्र कळकते, म्हणून कल्हई. तुरटी फिरविल्याने गढूळपणा खाली बसतो, परंतु सगळे जंतू मरत नाहीत. उकळण्याचे काम तुरटी करीत नाही. यातील हंडे घासण्याचा नियम आज सर्वांत मोलाचा ठरला आहे, आणि तोही त्या काळी कोणाच्या मनात नसलेल्या कारणासाठी! डेंग्यूचा डास स्वच्छ, साठविलेल्या पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीवर अंडी घालतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. अंड्यापासून उडता डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. तेव्हा पिंप नुसते रिकामे करून पुन्हा भरले तर काही साधत नाही. आठवड्यातून एकदा आतून खरवडून घासले व वाळविले पाहिजे. आरोग्य खाते यालाच 'कोरडा दिवस' म्हणते.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर अधिकच कसून परीक्षा हवी, कारण तेथे चूक झाल्यास ती सुधारण्यास वेळ मिळत नाही. नवजात बालकाला मध चाटविण्याची चाल अजून आहे. मधात क्वचित एका विषारी जंतूची बीजे असतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण एक वर्षाखालील मुलाच्या प्राणावर बेतू शकतात. आईचा पहिला चीक पिळून टाकण्याची चालही तशीच घातक. तो चीक म्हणजे बालकाची पहिली संरक्षक लसच म्हणावी. मुंबईच्या गिरण्यांतील कामकरी स्त्रिया मुलांना अफूची 'बाळगोळी' देत, ही गोष्ट 1920 नंतरच्या दशकातील चौकशांत नमूद आहे. त्या मातांना दोष देणे सोपे आहे. दिवसाचे दहा तास यंत्रापुढे उभे राहणाऱ्या बाईने मूल कोणापाशी ठेवावे, याचे उत्तर गृहशिक्षणाच्या कोणत्या पुस्तकात होते?

जुलाबाविषयी तर जुना उपदेश परस्परविरुद्धच आहे. एक आजी म्हणे, पाणी तोडा. दुसरी म्हणे, मीठ घालून भाताची पेज पाजा. दुसरीचे खरे ठरले. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर व मीठ मिसळलेले पाणी तोंडाने पाजण्याचा उपचार केला, आणि मृत्यूंचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते ते चारच्या आत आले. दवाखान्यातील पुडी मिळाली तर उत्तमच. ती नसल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. यात माप चुकता कामा नये. मीठ अधिक झाले तर अपायच होतो. जुन्या पुस्तकांतील मापांवर येथे भिस्त ठेवता येत नाही. पक्का शेर 80 तोळ्यांचा, मुंबईचा 28 तोळ्यांचा. तेव्हा 'पावशेर' म्हणजे किती, हे पुस्तक कोठले यावर अवलंबून!

शेवटी एक गोष्ट. हे सारे ग्रंथ गृहिणीला उद्देशून लिहिलेले आहेत. घरातील मुलग्याशी ते बहुधा बोलतच नाहीत. आपल्या सोलापुरात हजारो स्त्रिया दिवसभर विड्या वळतात. हंडे घासणे, धान्य वाळविणे, पाणी उकळणे हे नियम कितीही शहाणपणाचे असले तरी विडीचा हिशेब पुरा करून उठणाऱ्या त्या माउलीच्या माथी ते सर्व मारले, तर एकही पाळला जाणार नाही. पिंप घासावयास पाव तास पुरतो, आणि नववीतील मुलाचा हात पिंपाच्या तळापर्यंत सहज पोहोचतो.