हमरस्त्याचा धूर आणि खोकला

कल्याणहून उल्हासनगर, अंबरनाथमार्गे बदलापूरकडे येणाऱ्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ वाहनांची रांग लागते. खरवईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारे कामगार या रांगेत ट्रक-टँकरांच्या मागे थांबलेले असतात. घसा खवखवतो, कफ काळपट पडतो. ‘हवा बदलली’ म्हणून दुर्लक्ष होते. २०१९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत उल्हासनगर आणि बदलापूर ही दोन्ही नावे आली.

डोळ्यांना दिसणारी काजळी त्यातल्या त्यात बरी, कारण ती बरीचशी नाकातच अडते. खरा धोका अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचा. केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही लहान असलेले हे कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. त्यामुळे दम्याबरोबरच हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले.

मग रुमाल बांधावा का? रुमालाने जाड धूळ अडते, हे कण आरपार जातात. ओला केला तरी फारसा फरक पडत नाही. एन-९५ मुखपट्टी उपयोगी आहे, पण ती चेहऱ्याला घट्ट बसली पाहिजे. वाढलेल्या दाढीवर ती बसत नाही.

पहाटे हमरस्त्याच्या कडेने फिरणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. हिवाळ्यात पहाटेची थंड हवा जमिनीलगत दबून राहते व धूर वर जात नाही. ऊन पडल्यावर, रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आतल्या गल्लीतून फिरावे. मुलाला शाळेत नेताना त्याला रस्त्याच्या आतल्या बाजूस ठेवावे; त्याचे नाक धुराच्या नळीच्या उंचीजवळ असते.

दम्याच्या रुग्णाने पंप खिशात ठेवावा. ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत चुकीची आहे. पंपाचे औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून गोळीपेक्षा फार कमी मात्रा पुरते.

आणखी एक. प्रत्येक खोकला रस्त्याच्या माथी मारू नये. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, सायंकाळी बारीक ताप येऊ लागला किंवा वजन घटले, तर क्षयरोगासाठी बेडका तपासून घ्यावा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. बेडका सकाळचा, खोल खोकून काढलेला द्यावा. नुसती थुंकी चालत नाही.