हजेरीपासूनच सुरुवात कर

सोने, मुरुडच्या शाळेवर रुजू झालीस की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुला सांगेल, "बाई, आमच्याकडं सगळी लेकरं सारखी, आम्ही जातपात, धर्म काही बघत नाही." सांगणारा माणूस बहुतेक वेळा भला असतो आणि मनापासून बोलतो. त्याच्याशी वाद घालू नकोस, पण त्याचं ऐकून डोळेही मिटून घेऊ नकोस. इतकी वर्षं मराठवाड्यातल्या शाळांत शिकवून माझं एक मत पक्कं झालंय. वर्गातलं वेगळेपण शिक्षकानं बघितलं नाही, तर ते नाहीसं होत नाही. ते त्या लेकराला एकट्यानं सांभाळावं लागतं.

मुरुड काही आडवळणाचं खेडं नाही. लातूर-बार्शी रस्त्यावरचं, गुळाच्या व्यापारानं नाव झालेलं बाजाराचं गाव आहे. तुझ्या वर्गात मराठा, लिंगायत, मुस्लिम, बौद्ध, मातंग, धनगर, मारवाडी अशा कितीतरी घरांतली पोरं असतील, लमाणांच्या तांड्यावरून येणारी असतील. काही दिवाळीनंतर आईबापासोबत उसाच्या तोडीला जातील आणि परत येतील तेव्हा त्यांचा अर्धा अभ्यासक्रम निघून गेलेला असेल. ज्यांना आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात थांबवता येईल, त्यांच्यासाठी दसऱ्याच्या आधीच पालकांशी बोल. गाडी अंगणात उभी राहिल्यावर बोलून उपयोग नसतो.

आता आधी भाषेचं सांगते, कारण आपल्या घरातच त्याचा दाखला आहे. आपले आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. घरी मराठी, शाळेत उर्दू. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं ते उर्दू माध्यमाचं. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण द्यायचं, हे तेव्हा केवढं मोठं पाऊल होतं! पण मराठी, कन्नड, तेलुगू घरांतल्या पोरांना तीही परकीच भाषा. आजोबा सांगायचे, पहिली दोन वर्षं ते वर्गात तोंडच उघडायचे नाहीत आणि मास्तरांनी त्यांना मठ्ठ ठरवून मागं बसवलं होतं. पुढं ते मोडी, उर्दू, मराठी तिन्ही वाचायचे आणि गावातले लोक जमिनीचे कागद घेऊन त्यांच्याकडं यायचे, हे तुलाही आठवत असेल.

ह्याच परिस्थितीत १९२१ साली आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली. तिथं मुख्याध्यापक म्हणून आलेले व्यंकटेश खेडगीकर कन्नड मुलखात जन्मलेले. तेच पुढं स्वामी रामानंद तीर्थ झाले, मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंडा फडकवतो, भाषणं करतो. त्या दिवशी मुलांना हेही सांग, की आपल्या भाषेत शिकायला मिळावं ही तळमळसुद्धा त्या लढ्यात होती.

आणि सांगून झाल्यावर तुझ्या वर्गातल्या तांड्यावरच्या पोरीकडं बघ. तिच्या घरी गोरमाटी बोलतात. आईला ती याडी म्हणते. पहिलीच्या पुस्तकातली मराठी तिच्यासाठी तशीच परकी आहे जशी आजोबांना उर्दू होती, आणि आज मास्तरांच्या जागी तू आहेस. दोष तेव्हा उर्दूचा नव्हता, आज मराठीचाही नाही. उर्दू शाळेतून आठवीला मराठी माध्यमात आलेल्या मुलाचीही हीच अडचण असते. दोष असतो तो गप्प लेकराला मंद समजण्यात.

तू गोरमाटी शिकून ये असं मी म्हणत नाही. तिलाच विचार, ह्याला तुमच्याकडं काय म्हणतात? तिनं सांगितलेला शब्द फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिही, सगळ्या वर्गाकडून म्हणवून घे. गोष्ट सांगायची असेल तर आधी तिच्या बोलीत सांगू दे, मग दोघी मिळून मराठीत आणा. एखादा सहकारी हसेल, "अशानं पोरं मराठी कधी शिकायची?" त्याला सांग की लवकर शिकतील. घरच्या भाषेत विचार करायला मिळालेलं मूल दुसरी भाषा धीटपणानं उचलतं. कायदाही तुझ्या बाजूनं आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असं संविधानाच्या ३५० अ कलमात आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं ते आलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असं स्पष्ट लिहिलंय.

श्रावणात तांड्यावर तीज असते. बिनलग्नाच्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. नवरात्रात आपल्याकडं घट बसतात तेव्हाही काळ्या मातीत धान्य पेरतोच की आपण. बी कसं रुजतं हा धडा शिकवताना ह्या दोन्हींहून चांगलं साधन कुठून आणणार? तीज घातलेल्या पोरीला उभं कर आणि विचार, पाणी किती घालता, टोपली उन्हात ठेवता का सावलीत, कोंब पिवळे का राहतात? त्या दिवशी वर्गातली जाणकार ती असेल. मुस्लिम, बौद्ध, लिंगायत पोरांनाही घरी वाटीत गहू पेरून आणायला सांग आणि कोंबांची उंची पट्टीनं मोजायला लाव. विज्ञान होतं, गणित होतं, आणि तांड्यावरची पोरगी धड्याच्या मधोमध येते.

मला गॅदरिंगबद्दल म्हणूनच फार बोलायचंय. दरवर्षी लमाणी नाच ठरलेला, आरशांचे घागरे भाड्यानं आणलेले, आणि नाचणाऱ्यांत तांड्यावरची एकही पोर नाही! ती मागं सतरंजी घालत असते. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जेम्स बँक्स यांनी बहुसांस्कृतिक शिक्षणावर आयुष्यभर काम केलं. सण आणि थोर माणसं एवढ्यापुरतीच दुसऱ्यांची संस्कृती शाळेत आणणं, ही त्यांनी अगदी खालची पायरी मानली. वरच्या पायरीवर शिकवायचा विषयच वेगवेगळ्या लोकांच्या बाजूनं बघायचा असतो. आपल्याकडं तर त्या खालच्या पायरीवरही पोशाख त्यांचा आणि नाचणारं दुसरंच. नाच बसवायचा असेल तर तांड्यावरच्या एखाद्या आजीला शिकवायला बोलाव, शाल-नारळ देऊन तिचा मान कर, आणि घागरा कुणी घालायचा हे त्या पोरींनाच ठरवू दे. कुणी नको म्हटलं तर जबरदस्ती करू नकोस. आपली जात व्यासपीठावर मिरवायची नाही, असंही एखाद्या पोरीला वाटू शकतं आणि तो तिचा हक्क आहे.

तू विचारशील, मग सगळ्यांना एकत्र वागवायचं का वेगळं? ह्या प्रश्नाशी राजर्षी शाहू महाराज झगडले होते. सगळ्यांसाठी म्हणून काढलेल्या वसतिगृहात बहुजनांची पोरं टिकत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं. दार उघडं होतं, पण आत गेल्यावर जेवणाच्या पंगतीपासून सगळं एकाच समाजाच्या चालीचं. मग १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी केली. पाय रोवायला जागा मिळाली तेव्हा ती पोरं शिकली. पुढं कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र ठेवली, एकत्र राबवली, एका चुलीवरचं जेवायला लावली. १९२७ साली गांधीजी ते बघायला गेले होते. मला ह्या दोघांत विरोध दिसत नाही. लेकराला आपलं असं काहीतरी हवं आणि सगळ्यांबरोबरची पंगतही हवी. कुठल्या वेळी कशाची गरज आहे हे ओळखणं, हेच तुझं काम.

ते ओळखायला हजेरीपासूनच सुरुवात कर. नाव जसं घरी घेतात तसं घे. मुस्लिम पोरींची नावं घाईघाईत मोडतोड करून घेतली जातात आणि त्या हजर म्हणून खाली बसतात. एकदा जवळ बोलावून नीट विचार, नुक्ता असला तरी म्हणून बघ. कुणाला "तांड्यावरची", "वीटभट्टीवाला" म्हणून हाक मारू देऊ नकोस, मोठ्या सरांनाही नाही. दाखल-खारीज रजिस्टरात जातीचा रकाना असतो, तो कचेरीच्या कामासाठी आहे. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचे अर्ज आले की बऱ्याच ठिकाणी वर्गात पुकारा होतो, "शिष्यवृत्तीच्या मुली उभ्या राहा." तू तसं करू नकोस. मधल्या सुट्टीत एकेकीला कागद दे. आईचं बँकेचं पासबुक, दाखला, जे लागेल ते चिठ्ठीवर लिहून दे. ज्या पैशावर तिचा हक्क आहे, तो घेताना तिनं चाळीस जणांपुढं का उभं राहावं?

पोषण आहाराची पंगत तर रोजच बघ. वाढणाऱ्या बाईच्या हातून कुणाला लांबून वाढलं जातंय का, पाण्याच्या माठाशी कुणी थबकतंय का, हे उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात आहारात आठवड्याला अंडं आलं आणि न खाणाऱ्यांना केळं. २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी शासनानं थांबवला. पण त्या काळात अंडंवाल्यांची ओळ वेगळी आणि केळंवाल्यांची वेगळी असं चित्र उभं राहू शकत होतं, आणि ओळींवरून घरं ओळखता येतात हे पोरांना बरोबर कळतं. ताटात काय घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. बसायचं मात्र पटाच्या क्रमानं, सगळ्यांनी एकत्र. ह्यात तडजोड करू नकोस. पालक आले तर नम्रपणानं बोल, चहा पाज, पण रांग बदलू नकोस.

एक अवघड गोष्ट आहे आणि ती टाळून चालणार नाही. १९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं केला आणि आपल्या भागात आग लागली. नांदेड, परभणीकडच्या खेड्यांत दलितांची घरं जाळली, माणसं मारली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. तुझ्या वर्गात ज्यांच्या आजोबांनी ते भोगलं अशी पोरं असतील आणि ज्यांच्या आजोबांनी विरोध केला तीही असतील, एकाच बाकावर. आठवी-नववीला हा विषय निघाला तर "जाऊ दे, जुनं झालं" म्हणू नकोस. तारखा सांग, घडलं ते सांग, कुठल्याही लेकराला त्याच्या आजोबांच्या जागी उभं करून जाब विचारू नकोस. बाबासाहेबांनीच औरंगाबादला १९५० साली कॉलेज काढलं. मराठवाड्यातल्या किती घरांतला पहिला पदवीधर तिथून निघाला, हेही त्याच तासाला सांग.

दहावी झाली की ह्यातली बरीच पोरं लातूरला जातील. लातूर पॅटर्नमुळं तिथं राज्यभरातून मुलं येतात, आणि तिथं पहिली परीक्षा खोली शोधण्याची असते. आडनाव विचारून "खोली आत्ताच गेली" म्हणणारी घरं आहेत. आपल्या पोरांना हे आधी सांगून ठेव, म्हणजे नकार मिळाला तरी ती स्वतःत खोट शोधणार नाहीत. शासनाची समाजकल्याणची, अल्पसंख्याकांची वसतिगृहं, त्यांचे अर्ज, मुदती, ह्याची माहिती निकालाआधीच काढून ठेव. आणि ज्यांना खोली सहज मिळते त्यांनाही सांग, की रूम पार्टनर निवडताना त्यांच्या हातात बरंच काही असतं.

सहलीचं मी ठरवूनच टाकलंय. लांबच्या सहलीत पोरांचे पैसे आणि वेळ गाडीतच जातात. तुमच्या मुरुडहून तेर जवळ आहे, तिथं ने. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या व्यापारी नोंदींत त्याचं नाव येतं. इथला माल गाड्यांतून भडोचला आणि तिथून जहाजानं पश्चिमेला जायचा. गावातलं विटांचं त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्य होतं असं अभ्यासक मानतात. जैन मंदिर आहे, तेरणेच्या काठी गोरोबाकाकांचं देऊळ आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. त्यातली खापरं, मणी, मातीच्या मूर्ती बघताना पोरांना विचार, हे कुणाचं असेल? कितीतरी लोकांचं निघतं ते. परतताना कसबे तडवळ्याला थांब. १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब तिथं महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. महार आणि मांग एका मांडवात बसावेत म्हणून भरलेली परिषद होती ती, म्हणजे आपल्याच गावगाड्यात एकमेकांपासून तोडलेल्यांना जोडायचा प्रयत्न.

संमतीपत्रावर तडवळ्याचं नावही स्पष्ट लिही, मागाहून कुणी कुरकुर करायला नको. ईद, तीज, यात्रा बघून तारीख काढ. संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं ते आधी विचारून घे. आणि ऊसतोडीला जाणारी पोरं गावात असतील अशा बेतानं, दिवाळीच्या आतच ने. तारीख पक्की झाली की मला कळव, मी रजा टाकून तेरला येते. चाळीस पोरं एकटीनं सांभाळणं सोपं नाही.