तरवड ओळखा

पावसाळा सरत आला की दौलताबाद, खुलताबाद, वेरूळकडच्या माळावर पिवळी फुले दिसू लागतात. काळा खडक, वर वीतभर मुरूम. गवतही तिथे धड वाढत नाही. पण एक झुडूप मात्र तग धरून असते. ते म्हणजे तरवड.

तरवड आम्ही रोज पाहतो, असे तुम्ही म्हणाल. आम्हांलाही तसेच वाटे. एकदा रात्रीच्या वर्गात आम्ही तीन डहाळ्या मांडल्या. तिन्हींना पिवळी फुले. "यांत तरवड कोणता?" असे विचारले. बहुतेकांनी तिन्हींकडे बोट दाखवले! खरे म्हणजे त्यांतली एकच डहाळी तरवडाची होती. दुसरी टाकळ्याची, म्हणजे तरोट्याची. तिसरी कासविंद्याची. आणि कासविंद्याच्या बिया विषारी असतात. म्हणून हा धडा.

तिन्ही झाडे एकाच कुळातली. नुसत्या फुलावरून ती ओळखू नका. तीन खुणा पाहा : देठ, पान आणि शेंग.

तरवड : हे झुडूप बहुधा कमरेएवढे किंवा पुरुषभर उंच होते. फांद्या टणक, लाकडासारख्या. चिंचेच्या पानासारखी याची बारीक पाने एका देठावर समोरासमोर लागतात. त्यांच्या जोड्या 8 ते 12 असतात. आता देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे नीट पाहा. तिथे कानाच्या पाळीसारखी दोन गोलसर हिरवी पाने दिसतील. ही सगळ्यांत पक्की खूण. शेंग चपटी, कागदासारखी पातळ. दोन बियांच्या मधे ती दबलेली असते.

टाकळा : हे पावसाळी रोप आहे. पहिल्या पावसानंतर याची कोवळी पाने आपण भाजीला आणतो. पानांच्या जोड्या तीनच. पाने भुईमुगासारखी, टोकाला गोल. शेंग चवळीसारखी लांब आणि बारीक.

कासविंदा : याला कोणी रानटाकळा म्हणतात. हा उकिरड्याजवळ, रस्त्याच्या कडेला, पडक्या भिंतीपाशी उगवतो. पानांच्या जोड्या 4 ते 6. पाने मोठी आणि टोकदार. पान चुरगळले की घाण वास येतो. देठाशी कानासारखी पाने नाहीत. शेंग बोटापेक्षा लांब, जराशी वाकडी, मधे तपकिरी आणि कडेला फिकी.

या बियांनी काय होते, तेही ऐका. उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात दरवर्षी पावसाळ्यानंतर लहान मुले आजारी पडत. आधी उलट्या होत, मग शुद्ध हरपे. पुष्कळ मुले दगावली. लोकांना वाटे, मेंदूज्वराची साथ आहे. बिजनौरच्या डॉक्टरांनी घरोघर चौकशी केली. मुलांनी खेळताना कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या. हा अभ्यास 2007 साली छापून आला. पुढे 2016 साली ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात मुले दगावली. तिथेही तज्ज्ञांनी याच बियांकडे बोट दाखवले.

म्हणून घराजवळ, शाळेजवळ, अंगणवाडीजवळ कासविंदा दिसला तर शेंगा धरण्याआधीच मुळासकट उपटा. पोरांना सांगा, रानातली कोणतीही शेंग विचारल्याशिवाय तोंडात घालायची नाही. आणि एखाद्याने खाल्लीच, तर उलटी होण्याची वाट पाहू नका. अंगारे-धुपारे करण्यात वेळ दवडू नका. मुलाला लगेच सरकारी दवाखान्यात न्या. झाडाची एक डहाळी शेंगेसकट बरोबर घ्या. डॉक्टरांना ती दाखवा.

पण भीतीपोटी तरवड तोडू नका बरे! तरवड आपल्या उपयोगाचा आहे. त्याच्या सालीने कातडे कमावतात. मद्रासकडचे कमावलेले कातडे एके काळी परदेशात जाई, ते याच सालीच्या जोरावर. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून उघड्या माळावरही तो टिकतो आणि मुरूम धरून ठेवतो. तेलंगणात बायका नवरात्राच्या सुमारास बतुकम्मा सणाला ही फुले रचतात. तिथले ते राज्यफूल आहे. 1956 सालापर्यंत आपला मराठवाडाही त्यांच्यासोबत हैदराबाद राज्यातच होता. आता राज्ये वेगळी झाली, पण दोन्हीकडच्या माळांवर तरवड तोच फुलतो.

उद्या रानात जाल तेव्हा एक डहाळी हातात घ्या. आधी कान पाहा, मग जोड्या मोजा, मग शेंग पाहा. घरी आल्यावर पोरांनाही दाखवा.

उत्तरे द्या :
1. तरवडाची सगळ्यांत पक्की खूण कोणती?
2. कासविंद्याच्या पानांच्या जोड्या किती असतात?
3. मुलाने कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्या तर तुम्ही काय कराल?
4. तुमच्या घराभोवती यांतली कोणती झाडे आहेत? त्यांची नावे पाटीवर लिहा.