घर मागे ओढायचं की घरात बसून जायचं?

लांबच्या कौटुंबिक प्रवासासाठी मोटरहोम की कॅरॅव्हॅन: काय करावे, काय टाळावे

गेल्या दिवाळीत आम्ही पाच जण भाड्याच्या मोटरहोमने नऊ दिवस कोकणात फिरून आलो. त्यात गुडघेदुखीची आई आणि दोन शाळकरी मुलं. तेव्हापासून नाशिकच्या इंदिरानगरात जॉगिंग ट्रॅकवर कुणी भेटलं की विचारणा होते, "घ्यायची झाली तर कोणती घ्यावी?" माझं मत आधीच सांगून टाकतो. इथून निघणाऱ्या कुटुंबाने मोटरहोम घ्यावी, तीही भाड्याने. कॅरॅव्हॅनचा विचार एकाच ठिकाणी चार-पाच रात्री राहायचं पक्कं असेल तेव्हाच करावा.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. मोटरहोममध्ये इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असतं. कॅरॅव्हॅन म्हणजे आपल्या गाडीच्या मागे हुकाला जोडून ओढायचं घर, तिला स्वतःचं इंजिन नसतं. आपल्याकडे दोन्हींना सर्रास कॅरॅव्हॅनच म्हणतात. राज्याच्या 2021 च्या पर्यटन धोरणाचं नावसुद्धा 'कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण' असंच आहे. म्हणून फोनवर चौकशी करताना पहिला प्रश्न हा: "इंजिनवाली की ओढायची?"

ठरवण्याआधी हे करावे

• मुक्काम मोजावेत. किलोमीटर नंतर. रोज नव्या गावी झोपणार असाल तर मोटरहोम. तारकर्लीला पाच रात्री तळ टाकून मालवण, देवबाग, कुणकेश्वर फिरणार असाल तर कॅरॅव्हॅनचा खरा उपयोग: घर तिथेच उभं राहतं आणि गाडी सुटी होते. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. दिंडीचा ट्रक पुढच्या मुक्कामाला राहुट्या आणि भांडीकुंडी उतरवतो आणि मग पाणी, शिधा आणायला मोकळा होतो. हिशेब तोच आहे. मोटरहोममध्ये मात्र दुधाची पिशवी आणायची तरी सगळं घर आवरून न्यावं लागतं. गणपतीपुळ्यात आम्ही दुसऱ्याच दिवशी रिक्षा ठरवली.

• टेप घेऊन गल्ली मोजावी. आपल्याकडच्या बऱ्याच मोटरहोम फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात आणि त्यातली लांब गाडी जवळपास सात मीटर भरते. स्कॉर्पिओ-एन साडेचार मीटरहून थोडी जास्त आहे. तिच्यामागे पाच मीटरची कॅरॅव्हॅन जोडली की दहा मीटरची वरात होते, आणि ती मधे वाकते. रथचक्र चौकात संध्याकाळी सात वाजता ही वरात वळवून दाखवावी, मग खरेदीचं बोलावं.

• उंचीही मोजावी, छतावरच्या एसीसकट, आणि तो आकडा चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवून ठेवावा. बोगदा, रेल्वेखालचा पूल, पेट्रोल पंपाचं छप्पर, गावची कमान, सगळीकडे तोच आकडा कामाला येतो.

• रिव्हर्स कोण घेणार, हे घरात आधीच ठरवावं. मोटरहोम मागे घेणं म्हणजे मोठी गाडी मागे घेणं, दोन दिवसांत हात बसतो. कॅरॅव्हॅन उलटी वागते: स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ती डावीकडे जाते. अंबडच्या एमआयडीसीत रविवारी रस्ते रिकामे असतात. तिथे दोन सकाळ सराव केल्याशिवाय घाटाचं नाव काढू नये.

• कागद पाहावेत. मोटरहोमला एआयएस 124 हे मानक लागू आहे, त्याप्रमाणे ती मंजूर झालेली हवी. भाड्याची असेल तर नोंदणी व्यावसायिक हवी आणि पर्यटक परवाना चालू हवा. कॅरॅव्हॅन कायद्याने ट्रेलर ठरते, म्हणून तिची स्वतंत्र नोंदणी असते. आपल्या गाडीच्या विम्यात ट्रेलर ओढण्याचा समावेश आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्यावं. आणि गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिलेलीच नसेल, तर ती गाडी ओढण्यासाठी नाही असंच समजावं.

हे टाळावे

• जुनी रुग्णवाहिका किंवा शाळेची बस स्वस्तात घेऊन सुताराकडून घर बनवून घेणं. हा मोह आपल्या नाशकात फार, कारण सातपूर-अंबडला हात चालवणारे कारागीर उत्तम आहेत. काम देखणं होतंही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवेल. बदल करायचाच असेल तर आधी पेठ रोडला आरटीओत जाऊन विचारावं, मग रंधा मारावा.

• ओढल्या जाणाऱ्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसं बसवणं. पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही, झोपलेलं मूल आहे म्हणूनही नाही. ज्या घरात आजी-आजोबांना वाटेत आडवं व्हावं लागतं त्या घराने कॅरॅव्हॅन घेऊच नये, हे माझं ठाम मत या एका गोष्टीमुळे आहे.

• मोटरहोममध्ये चालत्या गाडीत उठून चहा करणं. पलंग आहे म्हणून लोक आडवे होतात, ओटा आहे म्हणून उभे राहतात. जितके बेल्ट तितकीच माणसं न्यावीत. कराडहून चिपळूणला उतरताना कुंभार्ली घाटाच्या एका वळणावर आमच्या वरच्या कपाटाची कडी सुटली आणि पाच लिटरचा कुकर थेट खाली आला. जिथे आदळला, तिथे दहा मिनिटांपूर्वी मुलगी मांडी घालून पत्ते लावत बसली होती. आईने तिला ओरडून सीटवर बसवलं होतं म्हणून वाचली. लादीवरचा तो चंद्रकोरीसारखा खड्डा मला अजून दिसतो. तेव्हापासून जड भांडी खालच्या खणात, आणि कपाटाला कडीबरोबर पट्टाही.

• आकड्यांवर विसंबून एसीची स्वप्नं पाहणं. 12 व्होल्टची 200 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम 2.4 युनिट वीज. छतावरचा एसी त्यावर दीड-दोन तास चालतो, रात्रभर नाही. एप्रिल-मेमध्ये विदर्भात जायचं तर रोज रात्री वीजजोडणी मिळेल असाच मुक्काम शोधावा. पंखे आणि जाळीच्या खिडक्या एसीपेक्षा जास्त रात्री तारून नेतात.

• पाण्याचं वजन विसरणं. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. घाट चढण्याआधी टाकी काठोकाठ भरू नये, वर पोचून भरावी.

• संडासाची टाकी ओढ्यात, शेताच्या बांधाला किंवा हॉटेलमागच्या गटारात ओतणं. सुटी काढता येणारी टाकी साधारण 20 लिटरची असते, चार-पाच माणसांत दोन दिवसांत भरते. ती सेप्टिक टँक असलेल्या शौचालयात, विचारून, स्वतः रिकामी करून पाण्याने खंगाळावी. आम्हाला गाडी मिळाली तेव्हा ही टाकी आधीच्या लोकांची भरलेलीच होती. म्हणून ताबा घेताना झाकण उघडून पाहावं, लाजू नये.

कॅरॅव्हॅनच घेणार असाल तर

• वजन चाकांच्या वर आणि किंचित पुढे ठेवावं, मागच्या टोकाला कधीच नाही. हुकावर पडणारा भार ऑस्ट्रेलियात भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका धरतात, मात्र गाडीच्या आणि हुकाच्या मर्यादेत राहून. भार मागे गेला की घर शेपटीसारखं झुलू लागतं.

• झुलू लागलं तर ब्रेक दाबू नये, स्टिअरिंगला झटका देऊ नये. अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावं. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये 701 किलोमीटर पूर्ण खुला झाला. भरवीरला चढलं की नागपूरपर्यंत मोकळा रस्ता दिसतो आणि पाय जड होतो. ओढणाऱ्याने तिथे सर्वात सावध राहावं. निघण्याआधी सहाही चाकांची हवा थंड टायरवर तपासावी.

• पावसाळ्यात कसारा आणि सापुताऱ्याच्या धुक्यात कॅरॅव्हॅन नेऊ नये. मोटरहोमही शक्यतो नको.

मुलं परदेशात असतील तर

• ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला मुलाकडे जाणाऱ्या कॉलनीतल्या मंडळींसाठी: तिथे कॅरॅव्हॅन पार्कात वीज, पाणी, टाकी रिकामी करायची जागा सगळं मिळतं. ज्या अडचणींमुळे मी इथे कॅरॅव्हॅन नको म्हणतो, त्यातल्या निम्म्या तिथे नाहीत. तरी दोन-तीन आठवड्यांच्या भेटीसाठी मोटरहोमच घ्यावी, कारण अनोळखी रस्त्यावर ओढण्याचा सराव करायला वेळ नसतो. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्याआधी इथल्या आरटीओतून काढावा, तो एक वर्ष चालतो. न्यूझीलंडमध्ये पार्काबाहेर मोकळ्या जागी रात्र काढायची तर संडास-पाण्याची सोय असलेली प्रमाणित गाडी बहुतेक ठिकाणी लागते, भाड्याने घेताना तेवढं विचारावं.

निघण्याआधी

• पहिली रात्र घराजवळ काढावी. गंगापूर धरणाजवळ पर्यटन महामंडळाचं ग्रेप पार्क रिसॉर्ट आहे. गाडी उभी करून झोपता येईल का हे आधी फोनवर विचारावं, नाही म्हणाले तर ओळखीच्या कुणाच्या मळ्यात थांबावं. काही विसरलं तर तासाभरात घरी जाऊन आणता येतं. आम्ही ती एक रात्र काढली आणि यादीत नसलेली गोष्ट कळली: गाडीची पायरी आईच्या गुडघ्याला फार उंच होती, आणि रात्री दोनला तिला उतरायचं होतं. सकाळी परतताना पाथर्डी फाट्यावरून एक बुटकं लाकडी स्टूल घेतलं, पायांना रबर ठोकून आणलं आणि दारात बॅटरीवरचा छोटा दिवा चिकटवला. नऊ दिवसांत सर्वात जास्त वापरात आलं ते स्टूल.